न पाहिलेल्या हत्तीची सोंड

(पेण येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आयोजकांनी मला विषय दिला तो 'निसर्गातून प्रेरणा घेणारे अप्रसिद्ध कलावंत'. असा विषय कानावर पडला की आपल्या मनात एक ठरावीक माणूस उभा राहतो. खांद्याला झोळी, झोळीत जलरंगांची पेटी, आणि नदीकाठी सावली बघून बसलेला. अशी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण विसरलोही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान घ्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले हे चित्रकार कोटितीर्थाच्या काठी एकटे राहिले आणि तेच तळं, तीच झाडं निरनिराळ्या प्रहरी रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. कोल्हापूरबाहेर त्यांचं नाव आज किती घरांत घेतलं जातं?

पण आपल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत असा झोळीवाला शोधायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही. रविवारी मुंबईहून येणारे हौशी चित्रकार कुंडलिकेच्या काठावर बसतात, संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तेवढ्यावर तासाभराचं व्याख्यान होत नाही. म्हणून मी प्रश्नच जरा फिरवून घेतला. निसर्गाचं चित्र कोणी काढलं हे विचारण्याऐवजी, इथल्या कलावंताच्या कामात उन्हाचा, पावसाचा, मातीचा, जनावरांचा हात किती होता, ते बघायचं ठरवलं. मग माणसंच माणसं दिसायला लागली. फक्त त्यांची नावं सापडेनात.

सुरुवात हत्तीपासून करतो. रायगड जिल्ह्याच्या जंगलात हत्ती नाही. भेकर आहे, रानडुक्कर आहे, फणसाडच्या अभयारण्यात शेकरू आहे, नशीब असेल तर बिबट्याचा ठसा दिसतो. हत्ती नाही. आणि तरी दरवर्षी या एका पेण तालुक्यात लाखांच्या संख्येने सोंडा घडतात. पेण शहरात, हमरापुरात, जोह्यात, कळव्यात, तांबडशेतला. रोह्याकडून पनवेलला जाणाऱ्या गाडीत बसलात की पेणनंतर हमरापूर स्टेशन लागतं. त्या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमागून शेड आणि आत ओळीने मांडलेल्या कच्च्या मूर्ती. ज्यांनी त्या केल्या त्यांतल्या बहुतेकांनी जिवंत हत्ती पाहिला असेल तो राणीच्या बागेत, शाळेच्या सहलीत, एकदा.

मग ही सोंड आली कुठून? साच्यातून आली, वडिलांच्या हातातून आली, भिंतीवरच्या कॅलेंडरातून आली. खऱ्या हत्तीची सोंड वजन उचलते, फांदी मोडते, धुळीचा फवारा उडवते. पेणच्या सोंडेला यातलं काहीच करायचं नसतं. तिला एक सुरेख वळण घेऊन मोदकापाशी थांबायचं असतं. ते वळण घ्यायला मूर्तिकाराला हत्ती लागत नाही. पण त्याच मूर्तीच्या पायाशी बघा. तिथे उंदीर आहे, आणि तो मात्र रोजच्या बघण्यातला आहे. भाताच्या कणगीपाशी बघितलेला, मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन पायांत दाणा धरणारा, कान टवकारून पळायच्या बेतात असलेला. अगदी सामान्य कारखान्यातल्या मूर्तीतसुद्धा उंदीर फसलेला मी क्वचित पाहिला आहे. सोंड चुकेल, पोट चुकेल, उंदीर चुकत नाही. निसर्गातून कलावंताने काय घेतलं हे तपासायचं असेल तर पेणमध्ये खाली वाकून बघावं लागतं, असं माझं मत झालं आहे.

हत्तीचा विषय निघाला आहे तर रोह्याहून तळा गावाकडे, मांदाडच्या खाडीवर जाऊ. तिथे कुड्याची लेणी आहेत, सव्वीसच्या आसपास, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांपासूनची. त्यांतल्या सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाला दोन्ही टोकांशी कातळातच कोरलेले हत्ती आहेत. झिजलेत, तुटलेत, पण उभे आहेत. खाडीवरून वर बघणाऱ्या व्यापाऱ्याला, भिक्खूला ते दिसावेत अशी त्यांची जागा आहे. या लेण्यांतले लेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली छापले, आणि ते वाचणं हा मोठा मौजेचा उद्योग आहे. महाभोज मांदव खंदपालित हा इथला सत्ताधारी. त्याच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने सहावं लेणं दान दिलं. लेख तिथे थांबत नाही. कोरीव कामाचं दान शिवमच्या बायकोचं, विजयेचं, आणि सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त, सपिल या मुलांचं. खांबांचं दान मुलींचं. अख्खं कुटुंब दगडात बसलं आहे, आजच्या वर्गणीच्या पावतीवर असावं तसं. बाकीच्या लेण्यांचे दाते बघा: कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, एक वैद्य, आणि एक माळी. मालाकार. फुलांच्या माळा करून जगणाऱ्या माणसाने डोंगरात लेणं कोरवून घेतलं, इतकी या खाडीकाठच्या बागांची आणि बाजारांची तेव्हा बरकत होती.

सगळ्यांची नावं आहेत. हत्ती ज्याने कोरला त्याचं नाव नाही. छिन्नी मारणारा कुठून आला, त्याने हत्ती कुठे पाहिला, घाटावर पाहिला की बंदरावर उतरताना पाहिला, काही कळत नाही. पैसे देणाऱ्याचं नाव लिहायचं आणि हात चालवणाऱ्याचं नाही, हा रिवाज आपल्या भागात निदान अठराशे वर्षं जुना आहे. मूर्तीच्या पावतीवर आजही कारखान्याचं नाव असतं, गिऱ्हाइकाचं असतं, आगाऊ रक्कम आणि बाकी असते.

रोह्याच्या डोक्यावरच्या अवचितगडाला शरभ कोरलेला आहे. शरभ हे कोणी पाहिलेलं जनावर नाही. सिंहाची छाती, मोठ्या मांजराची शेपटी, कधी पंख, कधी पंजाखाली हत्ती. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर असे शरभ बरेच आहेत. पण डोंगरातल्या पाथरवटाने हे न पाहिलेलं जनावर घडवलं ते पाहिलेल्या जनावरांचे तुकडे जोडूनच.

आता पाहिलेल्या जनावराकडे येतो, आणि त्यासाठी धरमतरची खाडी ओलांडून जरा अलिबाग तालुक्यात जावं लागेल. पेणकरांनी रागावू नये. सासवणे हे गाव. तिथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती करण्याचा उद्योग होता, म्हणजे हा मुलगा माती मळण्यातच वाढला. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. रॉथफील्ड चित्रांची नजर असलेला माणूस होता. भारतीय स्त्रियांवरच्या त्याच्या पुस्तकात चित्रं धुरंधरांची आहेत. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, लंडनला शिकले, आणि १९२८ साली पुण्याला उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी केला. माझगाव गोदीत ओतकाम झालेला हा प्रचंड पुतळा एकसंध ओतलेला आहे. एवढं करणाऱ्या माणसाला अप्रसिद्ध म्हणावं का, असं तुम्ही विचाराल. पुतळ्यापाशी उभं राहून फोटो काढणाऱ्यांना विचारा, शिल्पकार कोण ते. महाराज सगळ्यांना माहीत, करमरकर थोड्यांना.

पण मला आज बोलायचं आहे ते त्यांच्या घरच्या कामाबद्दल. सासवण्याच्या घरात आणि आवारात त्यांची शिल्पं आहेत, त्यांतली कितीतरी सिमेंटमधली. मासे घेतलेली कोळीण आहे. कुत्रा आहे. आणि एक म्हैस आहे, बसलेली. ज्याने म्हैस रवंथ करताना तासन् तास पाहिली नाही, त्याला तिच्या मानेचा तो आळस करता येणार नाही. त्यांच्या सगळ्या शिल्पांत मला ती म्हैस मोठी वाटते, आणि हे मी पुतळ्याचा मान राखून म्हणतो. घोड्याला इतिहास पाठीवर वाहायचा होता. म्हशीला काहीच वाहायचं नव्हतं. करमरकरांनी लंडनला जे शिक्षण घेतलं ते सगळं त्या म्हशीच्या कातडीखालच्या हाडांत आहे, आणि जे शिकवून येत नाही ते तिच्या बसण्यात आहे. १९६७ साली ते गेले. त्यांच्या नात्यातले चित्रकार प्रभाकर बरवे, जन्म नागाव, १९३६. त्यांच्या चित्रांत पान, शिंपला, अंडं, घड्याळ असं सगळं रिकाम्या अवकाशात सुटं सुटं येतं. नागावच्या वाडीत गळलेलं पान आणि वाळूतला शिंपला बघत वाढलेल्या मुलाचं ते बघणं आहे असं मला वाटतं. जाणकार याला कदाचित भाबडेपणा म्हणतील. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक १९९० साली आलं, आणि चित्रकलेवर मराठीत इतकं कमी लिहिलं जातं की ते सगळ्यांनी वाचावं.

आता पेणच्या कारखान्यात शिरू. इथे 'स्टुडिओ' कोणी म्हणत नाही. कारखाना, चित्रशाळा, कला केंद्र हे शब्द. देवधर घराण्याने हा उद्योग पेणला रुजवला, राजाभाऊ देवधरांनी त्याला नाव मिळवून दिलं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शहरातल्या कारखान्यांत काम शिकलेली माणसं आपापल्या गावी गेली आणि हमरापूर-जोह्याच्या बाजूला शेडमागून शेड उभी राहिली. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, भाताचं पीक एकच. कापणी झाली की मग करायचं काय? मूर्तीने त्या रिकाम्या महिन्यांना काम दिलं. म्हणून या कलेचा पहिला मित्र हा खारेपाटाचा रिकामा उन्हाळा आहे.

आणि पहिला शत्रू पाऊस. शाडूची मूर्ती कशी होते ते दोन वाक्यांत सांगतो, कारण माझा पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. माती भिजत घालायची, खडा काढायचा, मळायची, साच्यात थापायची, साच्यातून काढून हात, कान, सोंड जोडायची, ओल्या ब्रशने सांधे एकजीव करायचे, कोरणीने दागिने उठवायचे आणि मग सुकायला ठेवायची. हे सुकणं सावलीत, सावकाश. ऊन थेट लागलं की तडा जातो. दमट हवा असेल तर मूर्ती आतून ओली राहते आणि रंग धरत नाही. शाडू घट्ट होतो तो अंगातलं पाणी हवेला देऊन. म्हणजे हवेने ते घ्यायला हवं. कोकणात जूनपासून हवा काहीच घेत नाही. म्हणून कच्चं काम पावसाच्या आत उरकायचं आणि पावसाळ्यात रंगकाम, पंखे आणि मोठे दिवे लावून. चांगला मूर्तिकार मूर्तीला नुसतं बोट लावून ती किती सुकली ते सांगतो. वेधशाळेचा अंदाज तोही बघतो, पण आधी भिंतीचा गारवा बघतो. हवामानाशी इतकं जवळचं नातं कुठल्या निसर्गचित्रकाराचं असतं मला माहीत नाही. त्याचं चित्र ओलं राहिलं तर तो उद्या येतो.

आता प्लास्टर ऑफ पॅरिस. त्याच्या नावाने आपण सगळे बोटं मोडतो. पण ते इतकं का पसरलं? स्वस्त, हलकं, प्रवासात न मोडणारं ही कारणं खरी आहेत. त्याहून मोठं कारण रसायनात आहे. जिप्सम भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि त्याची पूड होते. त्या पुडीत पाणी घातलं की ती पाणी पिऊन घट्ट होते. शाडू पाणी सोडून घट्ट होतो, प्लास्टर पाणी पिऊन. फरक एवढाच, पण त्यामुळे जुलैच्या झडीतही अर्ध्या तासात मूर्ती साच्याबाहेर. कोकणातल्या मूर्तिकाराची पहिल्यांदाच पावसाच्या तावडीतून सुटका झाली. हे ज्याने समजून घेतलं नाही त्याने मूर्तिकाराला पर्यावरणावर व्याख्यान देऊ नये. आणि पाणी पिऊन घट्ट झालेली वस्तू पाण्यात पुन्हा विरघळत नाही, म्हणून अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जे दिसतं ते दिसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये अशा मूर्तींवर बंदी आणणाऱ्या सूचना काढल्या; अंमलबजावणी लांबत गेली; जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही; पुढच्या महिन्यात उंच मूर्तींना तिथेही तात्पुरती सवलत मिळाली. या सगळ्या वर्षांत कारखानदाराने साचे कशाचे बनवायचे, माती किती भरायची, कर्ज किती काढायचं, हे दरवेळी अंदाजाने ठरवलं. आधी पावसाचा अंदाज होता, आता त्यात तारखांचा अंदाज मिळाला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सभागृहात शाडूची भक्तमंडळी खूश होऊन घरी जातील. शाडूची माती आपली नाही. ती गुजरातेतून येते, भावनगरच्या बाजूने, ट्रकांनी. 'आपल्या मातीचा गणपती' असं पोस्टरवर छापायला छान आहे, पण पेणच्या मातीचा गणपती पेणमध्ये सहसा होत नाही. खारेपाटाची माती भाताला बरी. तसंच रोह्याच्या कुंडलिकेचं. कोलाडला लोक राफ्टिंगला येतात आणि रोज सकाळी नदीला पाणी चढतं त्याचे फोटो काढतात. ते पाणी घाटावरचं आहे. मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळेचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला येतं, टाटांच्या वीजघरातल्या चाकांवरून पडतं आणि मग कुंडलिकेत सुटतं. १९२७ पासून हे चालू आहे. त्या धरणासाठी मावळातली गावं बुडाली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. म्हणजे उन्हाळ्यात कुंडलिकेच्या काठी बसून वाहत्या नदीचं चित्र काढणारा रविवारचा चित्रकार मुळशीचं पाणी रंगवत असतो. आणि धाटावची कारखानदारी त्याच्या चित्राच्या चौकटीबाहेर राहते, कारण तो ब्रश जरा डावीकडे नेतो. निसर्ग म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो ते या दोन तालुक्यांत कधीच कोरं नव्हतं. कलावंताला ते ठाऊक असतं. प्रेक्षकाला नको असतं.

३ जून २०२० ला चक्रीवादळ आलं. मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं आणि रोहा, माणगाव, पेणवरून गेलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आंब्याचे जुने वृक्ष मुळांसकट उपटले गेले, वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. टाळेबंदीने गिऱ्हाईक आधीच तुटलं होतं, त्यात कारखान्यांचे पत्रे उडाले आणि सुकत ठेवलेल्या मूर्तींवर पाऊस पडला. ओल्या शाडूचं पुन्हा काय होतं? चिखल. तो पुन्हा मळता येतो, एवढाच त्यातला दिलासा. मेहनत मळता येत नाही.

मूर्तिकारांवर इतका वेळ घेतला कारण त्यांच्याकडे निदान बाजार आहे. आता ज्यांना तोही नाही त्यांच्याबद्दल, थोडक्यात. भाद्रपदात आपल्याकडे तेरड्याच्या गौरी येतात. रानातून तेरडा आणायचा, मुळांसकट, योग्य उंचीचा, कळ्या धरलेला; जुडी बांधायची; तिला साडी, मुखवटा, दागिने. कुठल्या उतारावर तेरडा आधी फुलतो, कुठला गडद, कुठला फिका, हे घरातल्या बायकांना पक्कं माहीत असतं. ती जुडी बांधणं हे शिल्पच आहे, झाडाचं शिल्प, आणि तिसऱ्या दिवशी ते पाण्यात जातं. याला कला म्हणावं असं त्या बायकांना वाटत नाही आणि कलेवर लिहिणाऱ्यांना सुचत नाही. आगरी लग्नातली धवलारीण घ्या. लग्नाचे विधी ती गाण्यांतून लावते, देवांना, पूर्वजांना, झाडापाण्याला मांडवात बोलावते. आपल्या मराठीतल्या आद्य कवयित्री महदंबेचे धवळे आपण अभ्यासक्रमात लावतो. पेण, पनवेल, उरणच्या खारेपाटात त्याच घराण्याचं गाणं जिवंत म्हणणाऱ्या बाईचं नाव लग्नपत्रिकेत नसतं, बँडवाल्याचं असतं. डोंगरातल्या ठाकरवाड्यांत लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. हेच काम पालघरच्या वारल्यांनी केलं तेव्हा तिथे भास्कर कुलकर्णी नावाचा एक विक्षिप्त, पायी हिंडणारा चित्रकार पोचला, त्याने कागद आणि रंग दिले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे २०११ साली पद्मश्री झाले. आमच्या वाड्यांवर भास्कर कुलकर्णी आला नाही. वारली चित्रं श्रेष्ठ आणि ठाकरांचा चौक कनिष्ठ, असा निवाडा कोणी केलेला नाही. कोणी बघायलाच गेलं नाही. आज रायगडातल्या रिसॉर्टच्या भिंतीवर वारली नाच रंगवलेला असतो, आणि ते रंगवणाऱ्या पोराच्या आजीने काढलेला चौक तिच्या घरातल्या शेवटच्या लग्नात पुसला गेलेला असतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते चित्रकलेचे शिक्षक होते, आणि या दोन तालुक्यांत ड्रॉइंग मास्तर या जमातीने जे केलं त्याची नोंद व्हायला हवी. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांसाठी पोरं तयार करणं हे त्यांचं सरकारी काम. त्या परीक्षांत पूर्वी निसर्गचित्राचा पेपर असे. जास्वंदीची नाहीतर कण्हेरीची एक फांदी समोर ठेवायची आणि ती जशी आहे तशी काढायची. पानाच्या मागच्या बाजूचा हिरवा वेगळा असतो, हे पेणच्या कितीतरी मुलांना पहिल्यांदा त्या फांदीने शिकवलं, आणि त्यांतली अनेक मुलं नंतर कारखान्यात रंगकामाला बसली. मूर्तीच्या पितांबराच्या घडीत सावली कुठे पडते हे ज्याला कळतं, त्याला ते कुठल्यातरी मास्तरने फांदीवरच दाखवलेलं असतं.

शेवटी आखणीबद्दल. पेणच्या मूर्तीची खरी ओळख डोळ्यांत आहे, आणि डोळ्यांची आखणी करणारे थोडे असतात. बारीक ब्रश, काळा रंग, श्वास रोखून एक रेघ. हे लोक हंगामात एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातात, नगावर मजुरी घेतात. एका बोळातल्या चार कारखान्यांच्या मूर्तींचे डोळे एकाच माणसाचे असू शकतात, आणि त्याचं नाव चारांपैकी एकाही पाटीवर नसतं. मूर्तीच्या मागे, पाटाखाली, आखणी कोणाची, मूळ मॉडेल कोणाचं, रंग कोणाचा, एवढं लिहावं, असं मी कारखान्यांत सुचवून पाहिलं आहे. देवाच्या अंगावर माणसाचं नाव नको, असं उत्तर येतं. हे उत्तर मनापासून असतं, म्हणून त्यावर हसू नये. पण कुड्याच्या लेण्यात शिवमने, विजयेने, माळ्याने आपली नावं देवापाशीच कोरली, आणि बुद्धाला त्याचा विटाळ झाला नाही. नाव नको हा संकोच नेहमी मजुरी घेणाऱ्यालाच का वाटावा, मजुरी देणाऱ्याला का वाटू नये, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. नगरपालिकेने आणि मूर्तिकारांच्या संघटनेने मिळून एक वही जरी ठेवली, दरवर्षी नवीन मॉडेल कोणी केलं आणि त्याचा एक कच्चा नमुना कुठे ठेवला, तरी पन्नास वर्षांनी इथे बोलणाऱ्याला माझ्यासारखं चाचपडत बोलावं लागणार नाही.

आयोजकांना एक विनंती. ही व्याख्यानमाला श्रावणात भरते. श्रावणात कारखान्यात रात्रपाळी असते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती फाल्गुन-चैत्रातच न्हावाशेवा बंदरातून रवाना होतात, पण मुंबई-पुण्याचा माल आत्ता निघतो. म्हणून आज समोरच्या खुर्च्यांत शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त मंडळी आहेत, आणि ज्यांच्याबद्दल मी तासभर बोललो त्यांतलं कोणी नाही. पुढच्या वर्षी तारीख बदला. अनंत चतुर्दशीनंतरच्या पंधरवड्यात कारखाने झाडून-पुसून बंद असतात, हातांना सवड असते, आणि एखाद्या आखणीवाल्याला किंवा एखाद्या धवलारणीला इथे उभं करून बोलतं करता येईल. पितृपक्षात कार्यक्रम कसा ठेवायचा, असं कोणीतरी म्हणेल. स्मृती व्याख्यानाला पितृपक्षाइतका चांगला मुहूर्त दुसरा कुठला?